चोच आणि दात सोडा, टाळूकडे बघा

मागच्या अंकात शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या आर्किओप्टेरिक्सवर मी अर्ध्या पानाचं टिपण लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा हा पक्षी, जर्मनीत बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीतला, कबुतराएवढा, आणि २०२५ च्या मे महिन्यात जिंगमाई ओ'कॉनर आणि त्यांच्या टीमने त्याचा सविस्तर अभ्यास 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला. पिसांची बातमी सगळीकडे आली, पण मी लिहिलं होतं की मला त्याची टाळू जास्त आवडली. त्यावरून बऱ्याच जणांचा घोळ झाला, चूक माझी, मी सांगायला हवं होतं. टाळू म्हणजे इथे तोंडातलं छत, बाळाची तेल घालून भरतो ती डोक्यावरची टाळू नव्हे.

प्रश्न: ताई, मी नववीला विज्ञान शिकवते. पक्षी म्हणजे चोच असते, दात नसतात, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगतो. मग दात असलेल्या आर्किओप्टेरिक्सला पक्षी का म्हणायचं, आणि चोच असलेल्या ओव्हिरॅप्टरला डायनासोर का? कवटी हातात आली तर नक्की बघायचं काय? (एक शिक्षिका, कराड)

बाई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण गोंधळाची मूळ जागा हीच आहे. दात आणि चोच पटकन डोळ्यात भरतात म्हणून आपण त्यांनाच धरून बसतो, पण नातं शोधायला ही दोन्ही फार फसवी आहेत. दात जाणं ही एकदाच घडलेली गोष्ट नाहीच मुळी, वेगवेगळ्या घराण्यांत ती वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे घडलीय. मंगोलियातला ओव्हिरॅप्टर (१९२४ साली त्याला नाव मिळालं) बिनदातांचा होता आणि तरी तो डायनासोर. चीनमधल्या लिमुसॉरसची तर गंमत अशी की पिल्लांना दात होते आणि मोठं होता होता ते पडून गेले, परत आलेच नाहीत, हे २०१७ साली लहानमोठ्या वयाचे सांगाडे शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं.

आता याच्या उलट दोन पक्षी घ्या. चीनच्या लियाओनिंग प्रांतातला कन्फ्यूशियसऑर्निस, सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याचे सांगाडे शेकड्याने मिळालेत. समोरून बघितला तर दात एकही नाही, छान टोकदार चोच, आजचा कुठलाही पक्षी वाटावा. पण डोळ्याच्या मागे बघा. तिथे डोळ्याची खोबण आणि कानशिलाची पोकळी यांच्यामध्ये हाडाचा एक उभा दांडा आहे, वरून खाली गालापर्यंत आलेला, अगदी डायनासोरला असतो तसा. आजच्या पक्ष्यांत तो दांडा उरलेलाच नाही. म्हणजे पुढचं तोंड नवीन आणि मागची कवटी जुनी.

दुसरा इक्थिऑर्निस, अमेरिकेतल्या कॅन्ससचा, सुमारे ८.५ कोटी वर्षांपूर्वीचा. ऑथनिएल मार्शने १८७२ साली त्याचं वर्णन केलं तेव्हा सोबत मिळालेला दातवाला जबडा पक्ष्याचा असेल असं त्याला वाटलंच नाही, त्याने तो एका वेगळ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा म्हणून त्याला वेगळं नावसुद्धा देऊन टाकलं, आणि पुढच्याच वर्षी लक्षात आलं की दोन्ही एकाच प्राण्याचं आहे. नंतर जवळजवळ दीडशे वर्षं या पक्ष्याची धड कवटी नव्हती. २०१८ मध्ये डॅनियल फील्ड, भार्त-अंजन भुल्लर वगैरे मंडळींनी नव्या नमुन्यांचं सीटी स्कॅन केलं आणि कवटी उभी राहिली. चोचीचं फक्त टोक बिनदाती, त्याच्या मागे दातांची रांग, जबड्याचे दणकट स्नायू जिथून जायचे ती कानशिलाची जागा डायनासोरसारखी प्रशस्त, पण वरची चोच मात्र आजच्या पक्ष्यांसारखी हलणारी! म्हणजे कन्फ्यूशियसऑर्निसला दात नाहीत आणि कवटी जखडलेली, इक्थिऑर्निसला दात आहेत आणि कवटी सुटी. दातांवरून मार्क द्यायला गेलं की निकाल नेमका उलटा लागतो.

मग बघायचं काय? मी तरी आधी वरच्या जबड्यातल्या दोन हाडांचं प्रमाण बघते. अगदी पुढचं ते प्रीमॅक्सिला, त्याच्या मागचं मॅक्सिला. डायनासोरमध्ये प्रीमॅक्सिला छोटंसं आणि मॅक्सिला भलंमोठं, दातांची मुख्य रांग त्याच्यावर. आजच्या पक्ष्यात प्रीमॅक्सिला वाढून जवळजवळ सगळी चोच त्याचीच होते आणि मॅक्सिला मागे कोपऱ्यात एक पट्टी होऊन राहतं. आर्किओप्टेरिक्स अजून जुन्या पद्धतीचाच. यालाही अपवाद आहेच, मादागास्करचा फाल्काटाकेली नावाचा पक्षी २०२० मध्ये जाहीर झाला, लांब वाकडी चोच, टूकनची आठवण व्हावी अशी, पण ती चोच बांधलीय मॅक्सिलाने. त्यानंतर डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली खिडकी, म्हणजे हाडातलं भोक, बघायची, मग डोळ्यामागचा तो दांडा आहे की गेला ते, आणि सगळ्यात शेवटी, मिळाली तर, टाळू. मुलांना सांगताना 'आजच्या पक्ष्यांना दात नसतात' एवढा एक शब्द वाढवा, बाकी काही बदलायची गरज नाही.

प्रश्न: आमच्या डाळिंबाच्या बागेत पोपट येतात. दाणे काढताना त्यांची वरची चोच चक्क वर उचलली जाते, मी जवळून बघितलंय. आपला वरचा जबडा तर हलत नाही. मग हे पक्ष्यांना डायनासोरकडून आलं का? (एक शेतकरी, सांगोला)

दादा, तुम्ही जे बघितलंय ते बघायला मला वर्षभर पुस्तकं चाळावी लागली होती. पोपटात ते स्पष्ट दिसतं कारण त्याच्या चोचीच्या मुळाशी बिजागरीसारखा सांधाच आहे, पण थोड्याफार प्रमाणात बहुतेक सगळ्याच पक्ष्यांची वरची चोच हलते, कबुतराची, कोंबडीचीसुद्धा.

हे चालतं कसं ते सांगते, त्यातच सगळी गोष्ट आहे. कवटीच्या मागे, कानाजवळ, दोन्ही बाजूंना एकेक आखूड हाड असतं, क्वाड्रेट. खालचा जबडा त्याला टांगलेला असतो. पक्ष्यात हे क्वाड्रेट सुटं असतं, पुढेमागे झुलतं. ते पुढे झुललं की दोन वाटांनी धक्का पुढे जातो, एक बाहेरून गालाच्या हाडावाटे, जे पक्ष्यात काडीसारखं बारीक झालेलं असतं, आणि दुसरा आतून, टाळूतल्या टेरिगॉइड आणि पॅलाटाइन या हाडांवाटे. दोन्ही धक्के चोचीच्या बुडाला पोचले की कपाळाजवळचा पातळ भाग वाकतो आणि वरची चोच उचलली जाते. विहिरीवरच्या जुन्या हातपंपाचा दांडा इथे दाबला की पाणी तिकडे वर येतं, तसा प्रकार.

आणि हे क्वाड्रेट आपल्यालाही आहे बरं का! शाळेत कानाच्या धड्यात हातोडा, ऐरण, रिकीब शिकलो ना, त्यातली ऐरण म्हणजे तेच हाड. आपल्या म्हणजे सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत जबड्याचा सांधा बदलला आणि सुटलेलं हाड कानात शिरून ऐकायच्या कामाला लागलं, पक्ष्यात ते जबड्यापाशीच राहून चोच उचलायला लागलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी दिवस मी प्रत्येक कावळ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. डायनासोरचं असं हलत नव्हतं. व्हेलोसिरॅप्टर, डायनोनिकस हे पक्ष्यांचे अगदी जवळचे भाऊबंद, पण त्यांचं क्वाड्रेट आजूबाजूच्या हाडांनी घट्ट धरलेलं, डोळ्यामागचा दांडा शाबूत, गालाचं हाड रुंद, आणि टाळूतली हाडं एकमेकांना आडव्या हाडांनी बांधलेली. जोरात चावायचं, शिकार झटापट करत असताना धरून ठेवायची, तर कवटी जखडलेलीच हवी. म्हणजे चोच हलवायला काही नवीन हाड आणायचं नव्हतं, जुनी बांधणी एकेक करून सोडायची होती. दांडा जायला हवा, गालाचं हाड बारीक व्हायला हवं, टाळूची गाठ सुटायला हवी.

म्हणून मला शिकागोच्या नमुन्यातली टाळू आवडली. २००५ मध्ये थर्मोपोलिसच्या (अमेरिकेतलं वायोमिंग, तिथल्या म्युझियमला गेलेला नमुना) आर्किओप्टेरिक्समध्ये पॅलाटाइन हाड नीट दिसलं होतं आणि त्याला चार फाटे होते, डायनासोरला असतात तसे, आजच्या पक्ष्याला तीनच. शिकागोच्या नमुन्यात टाळू त्याहून चांगली टिकलीय, आणि ती ट्रूडॉन गटातले डायनासोर आणि नंतरचे पक्षी यांच्या मधलीच निघाली. गाठ सैल व्हायला लागलीय पण सुटलेली नाही. तो पोपटासारखी चोच उचलत नव्हता, पण त्या रस्त्याला लागला होता.

पण सगळे त्या रस्त्याने सारख्या वेगाने गेले नाहीत हेही बघा. चीनमध्येच क्रॅटोनाव्हिस नावाचा पक्षी २०२३ मध्ये जाहीर झाला, १२ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आर्किओप्टेरिक्सनंतर तब्बल ३ कोटी वर्षांनी, आणि गळ्याखालचं शरीर पक्ष्याचं असूनही डोकं बऱ्यापैकी टी. रेक्सच्या धाटणीचं, जखडलेलं. शरीर पुढे गेलं, डोकं मागे राहिलं.

टाळूचा एक जुना वाद आहे तो इथेच सांगते कारण त्याचा निकाल अलीकडेच फिरलाय. १८६७ साली थॉमस हक्सलीने पक्ष्यांचं वर्गीकरण टाळूच्या हाडांवरून मांडलं. पुढे त्यातून दोन मोठे गट पक्के झाले. शहामृग, एमू, रिया, किवी यांची टाळू जाड, जोडलेली. बाकी सगळ्यांची, म्हणजे कोंबडीपासून चिमणीपर्यंत, टेरिगॉइड आणि पॅलाटाइनमध्ये सुटा सांधा असलेली. साहजिकच सगळ्यांनी धरून चाललं की शहामृगाची ती जुनी पद्धत आणि कोंबडीची नंतर आलेली सुधारणा. डायनासोरची टाळू बांधलेली, शहामृगाचीही बांधलेली, म्हणजे थेट वारसा, इतकं सरळ वाटतं की कुणी फारशी शंकाच घेतली नाही.

मग बेल्जियममधलं एक जीवाश्म आलं, ६.६७ कोटी वर्षांपूर्वीचं, म्हणजे डायनासोर संपवणारा तो लघुग्रह आदळायच्या थोडंसंच आधीचं. दगड नव्वदच्या दशकातच मिळाला होता, त्यातला एक तुकडा खांद्याचं हाड म्हणून नोंदला गेला होता. केंब्रिजच्या हुआन बेनितो आणि डॅनियल फील्डच्या टीमने तो स्कॅन केला तेव्हा खांद्याचं म्हणत होते ते निघालं टेरिगॉइड, टाळूचं हाड, आणि ते कोंबडी-बदकाच्या टेरिगॉइडसारखं, सुट्या सांध्याचं! हा पक्षी दातवाला, आजच्या सगळ्या पक्ष्यांच्या घराण्याबाहेरचा. २०२२ मध्ये त्याला जानाव्हिस नाव दिलं. अर्थ असा की सुटी टाळू आजचे पक्षी जन्मायच्या आधीपासूनच होती, आणि शहामृग-एमूने ती नंतर परत जोडून घेतली. दीडशे वर्षं जे पूर्वजांचं समजत होतो ते नंतरचं निघालं, तेही बोटाच्या पेरापेक्षा लहान एका हाडावरून. म्हणून मी सारखी टाळू टाळू करतेय.

प्रश्न: फोटोत सांगाडा छान असतो पण डोकं बहुतेक वेळा चेपलेलं किंवा गायबच. असं का? (पुणे)

पक्ष्याच्या कवटीची हाडं कागदासारखी असतात, वरच्या गाळाच्या वजनाने सपाट होतात, आणि मान बारीक असल्याने कुजताना डोकं लवकर सुटून वाहून जातं. लंडनच्या प्रसिद्ध नमुन्याचंही तसंच, १८६१ मध्ये सापडला आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला तेव्हा सगळ्यांना तो बिनडोक्याचाच वाटला. बर्लिनचा नमुना डोक्यासकट मिळेपर्यंत १८७० चं दशक उजाडावं लागलं. मोठ्या डायनासोरचंही डोकं असंच हरवतं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस, १९९७ मध्ये त्याचं वर्णन आलं, एवढा अवाढव्य प्राणी आणि कवटी नाही. उलट गुजरातच्या राजासॉरसची (२००३) मेंदूची पेटी मिळाली म्हणून तो इतका नीट ओळखता आला. अर्थात हे दोघे पक्ष्यांचे जवळचे नातेवाईक नव्हेत, विचारलंत म्हणून सांगितलं.

प्रश्न: मेंदू तर दगड होत नाही. मग आर्किओप्टेरिक्सचा मेंदू केवढा होता हे छातीठोकपणे कसं सांगतात? (एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नागपूर)

मेंदू राहत नाही, पण पक्ष्यांत मेंदू कवटीत इतका गच्च बसलेला असतो की आतल्या भिंतीवर त्याचा ठसा राहतो. साच्यात वितळलेलं मेण ओतून काढावं तसा त्या पोकळीचा आकार मिळवायचा, पूर्वी खरंच लेटेक्स ओतायचे, आता स्कॅन करून कॉम्प्युटरवर करतात. डायनासोरमध्ये, विशेषतः मोठ्या, मेंदू आणि कवटीत बरीच जागा रिकामी असायची, म्हणून तिथे अंदाज सैल. पक्ष्यांत आणि त्यांच्या जवळच्या लहान डायनासोरमध्ये तो बराच पक्का.

आणि बघा, वर ज्या लंडनच्या 'बिनडोक्याच्या' नमुन्याबद्दल लिहिलं, त्याच दगडात १८६५ मध्ये जॉन इव्हान्स नावाच्या माणसाला मेंदूच्या पोकळीचा गोलसर ठसा दिसला, शेजारी दातवाल्या जबड्याचा तुकडाही दिसला. तो जबडा माशाचा असेल म्हणून बाजूला सारला गेला. बरोबर होता इव्हान्स! २००४ मध्ये त्याच मेंदूच्या पेटीचं टेक्सासमध्ये सीटी स्कॅन झालं. पेटी २० मिलिमीटरची, मेंदूचं आकारमान सुमारे १.६ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा. दृष्टीचा भाग मोठा, तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाच्या नळ्या पक्ष्यासारख्या. तेव्हा सगळीकडे छापून आलं की उडायला लागणारा मेंदू तयार होता.

मी तेव्हा त्या बातमीने फार खूश झाले होते पण ती अर्धीच होती. २०१३ मध्ये एमी बॅलनॉफ आणि सहकाऱ्यांनी ओव्हिरॅप्टर आणि ट्रूडॉनच्या घराण्यातल्या न उडणाऱ्या डायनासोरचे मेंदू त्याच पद्धतीने मोजले, तर शरीराच्या मानाने काहींचे मेंदू आर्किओप्टेरिक्सएवढे आणि काहींचे जास्तच भरले. म्हणजे मोठा मेंदू आधीच होता, उडणं नंतर त्याच्यावर आलं.

मध्ये मात्र फार मोठी रिकामी जागा होती, आर्किओप्टेरिक्सपासून आजच्या पक्ष्यांपर्यंत. ती २०२४ मध्ये थोडी भरली, ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात प्रेसिदेन्ते प्रुदेन्तेजवळ सापडलेल्या नावाऑर्निसमुळे. ८ कोटी वर्षांपूर्वीचा, साळुंकीच्या आसपासचा, विल्यम नावा यांना २०१६ मध्ये मिळालेला, आणि मुख्य म्हणजे कवटी चेपलेली नाही, जशीच्या तशी गोल! बाहेरून बघाल तर फसाल, मोठे डोळे, दात नाहीत, नाजूक चोच, आजचाच पक्षी. पण आतली टाळू आणि कानशिलाची बांधणी जुनी, मेंदूचा पुढचा भाग (सेरेब्रम) आर्किओप्टेरिक्सपेक्षा वाढलेला पण आजच्या पक्ष्यांपेक्षा कमी, मागचा भाग (सेरेबेलम) फारसा वाढलेलाच नाही, आणि तोल सांभाळणारा आतला कान मात्र भलताच मोठा. इथेही तेच, चेहरा एक सांगतो आणि आतली हाडं दुसरंच.

प्रश्न: २०२० मध्ये अंबरात सापडलेला जगातला सगळ्यात छोटा डायनासोर पक्षी अशी बातमी होती, मी कात्रण जपून ठेवलंय. पुढे काय झालं त्याचं? (रत्नागिरी)

कात्रण ठेवा, पण त्यावर 'सरडा' असं लिहून ठेवा. म्यानमारमधल्या ९.९ कोटी वर्षं जुन्या अंबरात, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या चिकात, १४ मिलिमीटरची एक कवटी होती, नाव दिलं ऑक्युलुडेंटाव्हिस, मार्च २०२० मध्ये 'नेचर'च्या मुखपृष्ठावर आली आणि जुलैमध्ये तो लेख मागे घेतला गेला. लांब निमुळतं तोंड, घुमटासारखं डोकं, मोठा डोळा, पहिल्या नजरेला पक्षीच वाटतो, मलाही वाटला होता. पण ज्यांनी सरडे बघितलेत त्यांना लगेच खटकलं. डोळा आणि नाकपुडीमधली खिडकी नाही. दात खोबणीत रोवलेले नाहीत तर जबड्याच्या हाडाला चिकटलेले, आणि रांग थेट डोळ्याखालपर्यंत गेलेली. डोळ्याभोवतीच्या कड्यातल्या हाडाच्या चकत्या चमच्याच्या आकाराच्या, सरड्यांना असतात तशा. पुढे त्याच जातकुळीचा दुसरा नमुना शरीरासकट मिळाला, २०२१ मध्ये दोन्ही सरडेच म्हणून पक्के झाले. पहिल्या लेखातल्या लोकांना मी नावं ठेवणार नाही, १४ मिलिमीटरच्या एका डोक्यावर ते उभे होते, आणि चूक दिसल्यावर चार महिन्यांत लेख मागे आला हे चांगलंच झालं.

प्रश्न: लॅबमध्ये कोंबडीपासून डायनासोर बनवतायत हे खरं आहे का? माझा मित्र म्हणतो दात आलेली कोंबडी बनवली पण. (इयत्ता सातवी, ठाणे)

तुझा मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये, पण कोंबडी नाही बनवली, अंड्यातला गर्भ होता तो. एका जनुकात बिघाड असलेले कोंबडीचे गर्भ जन्मतच नाहीत, अंड्यातच मरतात, त्यांच्या जबड्यात दातांसारखे छोटे टोकदार उंचवटे येतात, मगरीच्या पिल्लाला सुरुवातीला येतात तसे, हे २००६ मध्ये छापून आलं. म्हणजे दात सुरू करायची जुनी सूचना कुठेतरी पडून आहे. पण दातावरचं चकचकीत इनॅमल बनवणारी जनुकं पक्ष्यांत मोडून गेलीत, म्हणून पूर्ण दात काही येऊ शकत नाही.

२०१५ मध्ये भुल्लरच्या टीमने अजून एक केलं. चोच बनताना गर्भाच्या चेहऱ्यात दोन रासायनिक निरोप जातात, ते त्यांनी अडवले. तर चोचीचं एकसंध हाड व्हायच्या ऐवजी दोन वेगळी आखूड हाडं झाली, आर्किओप्टेरिक्स किंवा मगरीच्या धाटणीची, आणि त्याबरोबर टाळूतलं पॅलाटाइनसुद्धा बदललं! टाळूला हातसुद्धा लावला नव्हता बरं का. पिल्लं उबवली नाहीत, डायनासोर करायचा हेतूच नव्हता, चोच कशी घडते ते समजून घ्यायचं होतं. याच भुल्लरने २०१२ मध्ये दाखवलं होतं की मोठ्या पक्ष्याची कवटी डायनासोरच्या पिल्लाच्या कवटीसारखी दिसते, मोठे डोळे, आखूड तोंड, फुगीर डोकं. तू एखाद्या डायनासोरच्या पिल्लाचा आणि त्याच्याच मोठ्याचा फोटो शेजारी ठेवून बघ, आणि मग चिमणीचा.

प्रश्न: मागे तुम्ही लिहिलं होतं की कोंबडीची कवटी घरी साफ करून टेबलावर ठेवलीय. कशी करायची? मुलीला दाखवायचीय. (एक आई, मडगाव)

चिकनवाल्याकडून डोकं मागून घ्या, तसंही ते टाकूनच देतात. रस्त्यावर मेलेला पक्षी उचलू नका, एकतर आजाराची भीती आणि दुसरं म्हणजे रानपक्ष्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. हातमोजे घाला, कातडी काढा, आणि मंद आचेवर उकळत ठेवा, कुकर नको, कुकरमध्ये हाडं विरघळल्यासारखी मऊ होतात. मांस सुटायला लागलं की जुना टूथब्रश आणि चिमटा. पाणी फेकायच्या आधी चहाच्या गाळणीतून गाळाच, टाळूची हाडं आणि डोळ्याभोवतीच्या कड्याच्या चकत्या त्यातच सापडतात, माझी पहिल्या वेळी सगळी मोरीत गेली होती. मग मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, दिवसभर बुडवून ठेवायचं आणि सावलीत वाळवायचं.

ब्रॉयलर घेतलीत तर कवटी तुकड्या तुकड्यांनी हातात येईल, घाबरू नका, ती कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, हाडं जुळलेलीच नसतात, त्यामुळे कपाळाचं हाड, प्रीमॅक्सिला, क्वाड्रेट सगळं वेगवेगळं बघता येतं, आणि मला विचाराल तर शिकायला तीच बरी. म्हातारी गावठी कोंबडी घेतलीत तर डोक्याचा डबा एकसंध निघतो, सांधे दिसतसुद्धा नाहीत. जमलं तर दोन्ही करा.

आधी मुलीला कवटी मागून दाखवा, मणक्यावर टेकणारा गोळा एकच असतो, आपल्याला दोन असतात, डायनासोरला एकच होता. मग बाजूने गालाची काडी दाखवा, सुई एवढी. डोळ्यामागे दांडा नाही तेही दाखवा. आणि कवटी उलटी करून, गावठी कोंबडीची असेल आणि सांध्यातल्या पापुद्र्यासकट जरा ओलसर असतानाच, क्वाड्रेटला बोटाने हळूच पुढे ढकला. चोचीचं टोक किंचित वर जाईल, केसभरच, पण दिसतं. ते टोक हललेलं तिला दिसलं की मला कळवा.